भर घातली आणि झीज वाढली

प्लास्टिकच्या वस्तूवर ‘सिरॅमिकयुक्त’ किंवा ‘नॅनो’ असं छापलेलं दिसलं की ती जास्त दिवस टिकणार, असं आपण धरूनच चालतो. हिशोब सरळ वाटतो. प्लास्टिक मऊ, दगड कठीण; प्लास्टिकमध्ये दगडाची पूड कालवली की ते कठीण होणार आणि कमी झिजणार. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा पुष्कळदा साफ खोटा ठरतो.

शाळेतली खनिजांच्या कठिणतेची मोहची मोजपट्टी आठवा, १८१२ सालची. संगजिरे १, हिरा १०. कॅल्साइट ३ वर, काच साधारण साडेपाच ते सहावर आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे फिलर (प्लास्टिकमध्ये घालायची भर) म्हणून चुनखडीची पूड घाला नाहीतर काचतंतू, वाळूपुढे दोन्ही मऊच.

आता एकच वाळूचा कण घ्या आणि तो पृष्ठभागावरून दाबत ओढला जातोय असं समजा. नुसतं चिवट प्लास्टिक असेल तर कणापुढे ते दबतं, बाजूला सरकतं, नांगरलेल्या सरीसारखे चराच्या दोन्ही कडांना वरंबे उठतात. गंमत अशी, की यात माल फारसा गेलेलाच नसतो. नुसता इकडचा तिकडे झालेला असतो. वाटेत फिलरचा दाणा आला की चित्र बदलतं. दाणा ताणला जात नाही, भोवतालचं प्लास्टिक मात्र ताणलं जातं. दोघांमधला सांधा उघडतो, दाणा उचकटून निघतो आणि मागे खड्डा राहतो. त्या खड्ड्याच्या काठापासून भेगा सुटतात. पुढचा वाळूचा कण आला की दोन भेगांमधला तुकडाच उडतो. शिवाय निघालेला दाणा तिथेच घरंगळत राहिला तर तोही घासायला मदत करतो. घरचा भेदीच म्हणा ना!

हे आकड्यांत मांडणारा एक सुंदर संबंध आहे, रॅटनर-लँकेस्टर नावाचा. अपघर्षणाने, म्हणजे कठीण कणांनी घासून, होणारी झीज ही तुटतानाचा ताण आणि तुटेपर्यंत होणारी लांबीतली वाढ यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, साधं पॉलिमर (म्हणजे नुसतं प्लास्टिक) ५० मेगापास्कल ताणाला आणि ६० टक्के ताणून तुटतं, गुणाकार ३०००. फिलर घातल्यावर ताकद ८०वर गेली, पण तुटेपर्यंतची लांबीतली वाढ ४ टक्क्यांवर आली, गुणाकार ३२०. ताकद वाढली, कठिणता वाढली, आणि झीज नऊपट होण्याची वेळ आली. (गुणाकार हा ढोबळमानाने तुकडा तोडायला लागणारी ऊर्जा दाखवतो.)

दाण्याचा आकारही बघावा लागतो. चरापेक्षा दाणा बारीक असेल तर तो प्लास्टिकसकट खरवडून निघतो. चरापेक्षा मोठा आणि घट्ट रुतलेला असेल तर वाटेतला धोंडा होऊन कण अडवतो. म्हणून ८० नंबरच्या भरड सँडपेपरवर हरलेला नमुना ६०० नंबरच्या बारीक सँडपेपरवर जिंकू शकतो. दाणे घट्ट बसावेत म्हणून त्यांना सिलेन नावाच्या जोडणाऱ्या रसायनाचा लेप देतात. सिलेनचं एक टोक काचेला धरतं, दुसरं पॉलिमरला.

‘झीज शेकडो पटींनी कमी’ असे दावे सरसकट खोटे असतात असं नाही. टेफ्लॉनमध्ये काचतंतू किंवा कांस्याची पूड घातली की गुळगुळीत पोलादावर घासताना ते खरोखरच तितकं कमी झिजतं. पण तिथे वाळू नसते. तिथे पोलादावर टेफ्लॉनचा पातळ थर नीट चिकटून बसणं महत्त्वाचं. त्या चाचणीचा आकडा धुळीत चालणाऱ्या भागाला चिकटवणं म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी. ‘नॅनो’ या शब्दाला तर हल्ली मंत्राची कळा आली आहे. नुसता उच्चारला की गुण यावा!

तरी खऱ्या अर्थाने नॅनो असलेला एक जुना फिलर आहे: टायरमधला कार्बन ब्लॅक. नैसर्गिक रबर मुळात काळं नसतं. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचेच असत. काजळीसारखे हे कण साधारण वीस-तीस नॅनोमीटरचे असतात आणि रबराच्या साखळ्या त्यांच्या पृष्ठभागाला घट्ट बिलगतात. त्यामुळे रबराची ताकद वाढते आणि तरीही ते तुटण्याआधी कितीतरी पट ताणलं जातं. गुणाकारातला एक आकडा वाढतो आणि दुसरा कोसळत नाही. उलट वाळू-खडी ओतायच्या घसरणींना अस्तर लावायचं असलं की अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन वापरतात, अनेकदा कुठलीही भर न घालता. चाकूने सहज चरा पडावा इतकं ते मऊ असतं.