सर्पगंधेच्या मुळाचा अर्क

सर्पगंधा (राउवोल्फिया सर्पेंटिना) या भारतीय झुडपाची वाळलेली मुळे अल्कोहोलमध्ये मुरवून केलेले तपकिरी, जहाल कडू द्रावण. होमिओपॅथीच्या दुकानात ते मदर टिंक्चर या नावाने मिळते.

मराठीत या झुडपाला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. मुंगूसवेल हे नाव, नागाशी झुंजण्याआधी मुंगूस ही वनस्पती चावते, या समजुतीतून पडले. ती मुळात वेल नव्हे. आणि सर्पदंशावर तिच्या भरवशावर राहणे म्हणजे जिवाशी खेळ. झुडूप जेमतेम हातभर उंच. फुले पांढरी, त्यांचे देठ मात्र लाल. फळे पिकली की काळी-जांभळी होतात.

अर्काला लागते ते मूळ नागमोडी, मळकट तपकिरी सालीचे असते. मोडले की आत फिकट पिवळे दिसते. वास जवळपास नाही, पण चिमूटभर पूड जिभेवर टेकवली तरी कडवटपणा बराच वेळ जात नाही. मुळातील अल्कलॉइडांचा, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या कडू, औषधी रसायनांचा, ८० ते ९० टक्के भाग सालीत असतो. त्यामुळे मुळे खरवडून ‘स्वच्छ’ केली, की औषधच कचऱ्यात जाते.

यातील प्रमुख अल्कलॉइड रेसर्पिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल. भरड कुटलेले मूळ त्यात काही दिवस झाकून ठेवतात, अधूनमधून हलवतात, मग गाळून चोथा पिळून काढतात. उजेडात रेसर्पिन टिकत नाही. बाटली गडद काचेची असते ती त्यासाठी.

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाबावरील या मुळाच्या उपयोगाविषयी लिहिले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून वेगळ्या केलेल्या एका अल्कलॉइडाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन हे नाव मिळाले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझलच्या सीबा या औषध कंपनीत रेसर्पिन शुद्ध रूपात हाती आले. मिलिग्रॅमच्या अंशात मोजलेली गोळी मिळू लागल्यावर थेंब मोजायचे कारणच उरले नाही.

रेसर्पिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये रिती होतात. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. सोबत नाक चोंदते, गुंगी येते, काहींना खोल उदासी येते. नैराश्य, पोटातील व्रण किंवा कंपवात असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते घेऊ नये. खरी मेख अशी, की पूर्ण गुण यायला आठवडे लागतात आणि बंद केल्यावरही परिणाम रेंगाळतो. दोन दिवसांत फरक दिसेना म्हणून थेंब वाढवणारा माणूस इथेच फसतो. शिवाय अर्कात एकटे रेसर्पिन नसते. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर काम करणाऱ्या अजमलिनसह अनेक अल्कलॉइडे त्यात उतरतात, आणि त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते.

जंगलातून बेसुमार उपसा झाल्याने ही वनस्पती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्यांच्या यादीत, आहे. टंचाई आली की भेसळही आली: मूळच्या अमेरिकी, आता इथे सर्रास उगवणाऱ्या राउवोल्फिया टेट्राफायलाची मुळे त्यात मिसळतात. अखंड मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर भेसळीच्या सालीत जाड भिंतींच्या दगडी पेशी दिसतात. अस्सल सर्पगंधेत त्या नसतात. एकदा अर्क होऊन बाटलीत गेला, की ही खूण चोथ्याबरोबर फेकली गेलेली असते.