भोंगा वाजला की कोण निघतं? पेनसिल्व्हेनियातल्या गावच्या फायर कंपन्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या छोट्या गावात नवीन राहायला आलेले आपले लोक पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास विचारतात, रात्री-अपरात्री हा भोंगा कशाचा वाजतो? गिरणगावात वाढलेल्या माणसाला तर पाळी सुटल्यासारखंच वाटेल. पण इथे तो भोंगा ड्युटीवरच्या माणसांसाठी नाहीये, कारण ड्युटीवर कुणी नसतंच. स्टेशन आहे, बंब आहे, पाण्याचा टँकर आहे, आत माणूस नाही. माणसं आपापल्या घरी झोपलेली असतात, कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी गाई सांभाळणारा, आणि भोंगा त्यांना उठवायला असतो. उठायचं, पँट चढवायची, स्वतःच्या गाडीने स्टेशन गाठायचं, तिथे बूट-कोट घालायचे आणि बंब बाहेर काढायचा. बहुतेक ठिकाणी पगार शून्य. आग विझवणाऱ्या अशा दलाला इथे फायर कंपनी म्हणतात. आपल्याकडे आग लागली की पालिकेचा बंब येतो, गावाकडे उसाला आग लागली की जवळच्या साखर कारखान्याचा बंब बोलावतात, त्यामुळे मला आधी हे पटलंच नाही. मग शोधत गेलो तर गोष्ट जवळजवळ ३०० वर्षं मागे गेली.

सुरुवात याच राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरात. पुढे अमेरिकेच्या संस्थापकांत गणल्या गेलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ साली आपल्याच पेनसिल्व्हेनिया गॅझेट या वर्तमानपत्रात आगीबद्दल एक पत्र छापलं, त्यात अगदी घरगुती सूचना आहेत, जसं की फावड्यात गच्च भरून निखारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, जिन्यावर तर नकोच, एखादा निखारा फटीत पडला तर मध्यरात्रीपर्यंत कळणार नाही. ज्यांच्या आजीने शेजारून विस्तव आणून चूल पेटवलीय त्यांना हे वेगळं समजावायला नको. पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १७३६ ला, त्याने आणि त्याच्या मित्रांनी युनियन फायर कंपनी काढली. साधारण ३० जण. प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड पिशव्या तयार ठेवायच्या, बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या घरातलं सामान भरून बाहेर काढायला. महिन्यातून एकदा जमायचं, गैरहजर राहिलं तर दंड, आणि दंडाच्या पैशातून पुढे शिड्या, आकडे, पाण्याचा पंप असं घ्यायचं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कंपनी भरल्यावर आणखी लोक आले, आम्हालाही घ्या म्हणाले, तर त्यांना सांगितलं की तुम्ही तुमची वेगळी काढा. आणि त्यांनी काढली. म्हणूनच आजही या राज्यात दोन हजारांच्या आसपास फायर कंपन्या आहेत, चार-पाच हजार वस्तीच्या गावात दोन-दोन सापडतात, आणि त्यातल्या बहुतेक सरकारी खातं नसून लोकांनी काढलेल्या स्वतंत्र संस्था आहेत. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखं म्हणा, प्रत्येक आळीचं वेगळं, स्वतःचे नियम, स्वतःचा हिशोब, स्वतःचा अभिमान.

अभिमानाचं पुढे भांडणही झालं. १८४० च्या आसपास फिलाडेल्फियात कंपन्यांच्या माणसांच्या रस्त्यावर मारामाऱ्या व्हायच्या. त्यात वाफेवर चालणारे पंप आले, हातपंप मारायला जी डझनावारी माणसं लागायची ती लागेनात, आणि मोठ्या शहरांनी पगारी दल ठेवायला सुरुवात केली. सिनसिनाटी १८५३, न्यूयॉर्क १८६५, फिलाडेल्फिया १८७१. लहान गावं मात्र तशीच राहिली. महिन्यातून एखादी आग, तेवढ्यासाठी चोवीस तास पगारी माणसं ठेवायला गावाकडे कर कुठून येणार?

पण माणूस घरी आणि बंब स्टेशनात म्हटल्यावर खरा प्रश्न उरतो तो हाकेचा. त्याला कळवायचं कसं? या सगळ्या इतिहासाचा कणा मला तरी हाच दिसतो.

आधी चर्चची घंटा होतीच. मग रेल्वे आली तशी काही गावांनी इंजिनाच्या चाकाची पोलादी धाव आणली, चौकात टांगली आणि शेजारी हातोडा ठेवला. अशी एक धाव मी अजून एका स्टेशनच्या अंगणात लटकलेली पाहिलीय, एका जागी ठोकून ठोकून खळगा पडलाय, बोट लावलं तर गुळगुळीत लागतो. १८५२ मध्ये बॉस्टनला तारेवरची अलार्म सिस्टीम सुरू झाली, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटी, प्रत्येक पेटीला नंबर. पेटी ओढली की घंटा त्या नंबराएवढे ठोके देणार, २३ नंबर असेल तर आधी दोन, थोडं थांबून तीन. हे पुढे छोट्या गावांतही गेलं, लोक नंबरांची छापील यादी घरात लावून ठेवायचे आणि ठोके मोजून आग कुठे ते ओळखायचे. मग विजेचा भोंगा आला, टेलिफोन आला, आणि एक्सचेंजमधली ऑपरेटर बाई फोन घेऊन भोंग्याचं बटण दाबायला लागली.

ऑपरेटर गेल्यावर पुष्कळ गावांत फायर फोन होता, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं. आगीचा एक नंबर, तो फिरवला की गावातल्या चार-पाच घरांत एकदम रिंग वाजायची. दिवसा नवरे कामावर, म्हणजे फोन उचलणार कोण, तर त्यांच्या बायका. पत्ता लिहून घ्यायचा, घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा, भोंगा सुरू करायचा, यादीतल्या पुढच्या घरांना फोन लावायचे, आणि हे वर्षानुवर्षं, स्वयंपाक अर्धा टाकून. कंपनीच्या फोटोत या बायका क्वचितच दिसतात.

कुठल्याही संकटात फिरवायचा ९११ हा नंबर आला त्यानंतर. अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने १९५७ मध्येच देशभर एकच नंबर असावा अशी शिफारस केली होती, पण पहिला कॉल लागला १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्याशा गावात. मोठ्या टेलिफोन कंपनीने योजना जाहीर केली होती, तिच्याआधी तिथल्या छोट्या कंपनीने करून दाखवलं. सगळीकडे पोचायला मात्र पुढची कित्येक वर्षं गेली. दुसरीकडे उशाजवळ ठेवायचे रेडिओ आले आणि सत्तरच्या दशकात कमरेचे पेजर. प्रत्येक कंपनीचे दोन ठरलेले सूर, ते हवेतून आले की तेवढ्याच कंपनीचे पेजर बोलायला लागतात, बाकीचे गप्प.

म्हणजे हाक पोचवायची सोय सुधारतच गेली. तिकडे हाक बदलली. पूर्वी गावातला पेशंट दवाखान्यात न्यायला बऱ्याच ठिकाणी अंत्यसंस्कारवाल्याचीच गाडी यायची, कारण आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्याच्याकडेच. १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक राष्ट्रीय अहवाल आला आणि त्यानंतर प्रशिक्षित लोक असलेल्या अँब्युलन्सची व्यवस्था उभी राहिली, पुष्कळ ठिकाणी याच कंपन्यांच्या खांद्यावर. १९८० मध्ये देशभरातल्या फायर डिपार्टमेंटना वर्षाला सुमारे १ कोटी ८ लाख कॉल यायचे, २०२० पर्यंत ते साडेतीन कोटींच्या वर गेले, आणि आगी मात्र याच काळात अर्ध्याहून कमी झाल्या. वाढलंय ते छातीत दुखणं, पडलेली म्हातारी माणसं, गाड्यांचे अपघात.

आणि येणारी माणसं कमी झालीत. देशात १९८४ ला सुमारे ८ लाख ९८ हजार व्हॉलंटियर होते, २०२० ला सुमारे ६ लाख ७७ हजार. पेनसिल्व्हेनियात तर सत्तरच्या दशकात ३ लाख असल्याचं सांगतात, राज्याच्या २०१८ च्या अहवालात आकडा साधारण ३८ हजारांवर आलेला. लोक आळशी झाले असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पूर्वी गिरणी, खाण, दुकान गावातच होतं, भोंगा झाला की मालक सोडायचा. आता नोकरी गाडीने तासाभराच्या अंतरावर, घरात दोघंही कमावणारे, ट्रेनिंगचे तास दोनशेच्या घरात, आणि वर रविवारचा पॅनकेक ब्रेकफास्ट, बिंगो, चिकन बार्बेक्यू, कारण नव्या बंबाची किंमत लाखो डॉलरमध्ये असते आणि ते पैसे जमवणारेही हेच.

मागच्या वसंतात अशाच एका ब्रेकफास्टला गेलो होतो तेव्हा बंबाच्या शेजारी भिंतीवर टीव्हीसारखा स्क्रीन दिसला. आता फोनवर ॲप आहे, कॉल आला की येणाऱ्याने बटण दाबायचं आणि त्याचं नाव त्या स्क्रीनवर येतं. हाक मारणाऱ्याला कोण येतंय हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आधी कळायला लागलंय. पॅनकेक वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं, रात्री आठ-दहा नावं येतात, दिवसा दुपारी दोन-तीन. पाच मिनिटांत पुरेशी नावं आली नाहीत तर डिस्पॅच, म्हणजे कॉल घेऊन कंपन्यांना कळवणारा, पुन्हा सूर वाजवतो आणि शेजारच्या गावच्या कंपनीलाही बोलावतो. त्या बाईंचा पेजर ॲप्रनलाच लावलेला होता.