प्रज्वलन प्रणाली, स्पोर्ट्स कारची

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात दाबले गेलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरल्या क्षणी विजेच्या ठिणगीने पेटवणारी व्यवस्था. स्पोर्ट्स कारचे इंजिन जास्त फेऱ्यांवर आणि जास्त दाबावर चालत असल्याने साध्या मोटारीत खपून जाणारी ठिणगीची उणीव तिच्यात लगेच जाणवते.

ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना निदान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाइतकी जुनी आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६-७७ च्या सुमारास बंद नळीतला ज्वलनशील वायू अशा रीतीने पेटवून दाखवला होता. अभियंता लन्वार याच्या १८६० च्या गॅस इंजिनात रुमकॉर्फ कॉइल, म्हणजे कमी दाबाची वीज उच्च दाबाची करणारे वेटोळे, होती, तर बेंझच्या १८८६ च्या मोटारीत बॅटरी आणि कॉइल होती. त्याच काळात डाइम्लरने तापवलेल्या नळीचा मार्ग धरला. तो साधा होता, पण त्यात पेटण्याचा क्षण हवा तसा मागेपुढे करता येत नसे. सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचे जनकत्व कोणी लन्वारला देतात, कोणी टेस्लाच्या १८९८ च्या पेटंटकडे बोट दाखवतात, तर कोणी बॉश कंपनीतील अभियंता गोटलोब होनोल्ड याला मान देतात. वेगवान मोटारीपुरते बोलायचे तर होनोल्डची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण १९०२ मध्ये त्याने उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच वीज निर्माण करणारे यंत्र) आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली आणि वाढत्या फेऱ्यांना साथ देणारी ठिणगी त्यातूनच मिळाली. अमेरिकन अभियंता केटरिंग याची बॅटरी-कॉइल पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत आली. त्याच्या डेल्को कंपनीचे नाव डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाला) चिकटले असून जुने मिस्त्री अजूनही त्याला ‘डेल्को’च म्हणतात.

केटरिंगच्या या पद्धतीची मर्यादा वेळेची आहे. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरातले उघडझाप करणारे विद्युत संपर्क, मिटलेले असतात तोवर कॉइल भरते आणि ते उघडताच ठिणगी पडते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ मध्ये गर्नी नटिंग यांनी बांधणी केलेल्या डूसेनबर्ग एसजे या मोटारीचे इंजिन आठ सिलिंडरांचे आणि सुपरचार्जरचे (हवा दाबून भरणाऱ्या पंपाचे) होते. असे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असताना त्याला सेकंदाला सुमारे २६७ ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला पावणेचार मिलिसेकंद येतात. त्यातला काही वेळ पॉइंट उघडे राहण्यात जातो, कॉइल पुरती भरत नाही आणि गाडी ‘मिसिंग’ करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकते. पॉइंटांच्या दोन जोड्या, दोन डिस्ट्रिब्युटर किंवा मॅग्नेटो असे उपाय याच अडचणीतून निघाले.

जुळणी करताना आधी पॉइंटचा गॅप, बहुधा ०.४ मिलिमीटरच्या आसपास, आणि मगच टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) हा क्रम मोडू नये, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. पॉइंटच्या एका बाजूस खळगा आणि समोर टेंगूळ दिसल्यास कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) संशयास्पद समजावा. ६,००० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. मिश्रण पुरते जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच टाकावी लागते. प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण स्थिर दिसावी आणि फेरे वाढवताच एकसारखी पुढे सरकावी. ती थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट किंवा बुश झिजलेली असण्याचा संभव असतो. तिथे नवी कॉइल बसवून उपयोग नाही.

टायमिंग फार पुढे नेल्यास इंजिन ठोकते (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटून ठकठक आवाज येतो) आणि पिस्टनला इजा होते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने हवा किंचित विरळ आणि ठोकण्याची प्रवृत्ती थोडी कमी असते. उलट मे महिन्याच्या उन्हात ती वाढते. त्यामुळे थंडीत काठावर आणून ठेवलेली जुळणी उन्हाळ्यात, तसेच गाडी मुंबईसारख्या सखल गावी नेताना, पुन्हा तपासावी.

प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे चांगले. काळी काजळी म्हणजे मिश्रण जड (त्यात पेट्रोल जास्त) किंवा प्लग फार थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), पांढरे फोड आलेले टोक म्हणजे प्लग फार गरम. सतत पूर्ण वेगावर चालवल्याशिवाय हे नीट वाचता येत नाही आणि ते रस्त्यावर करू नये. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची, २०२१ मध्ये खुली झालेली वेगवान धावपट्टी अशाच चाचण्यांसाठी आहे. प्लग निवडताना एनजीके कंपनीच्या प्लगवरचा उष्णतादर्शक आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशचा वाढला की गरम, हा फरक ध्यानात ठेवावा. या गफलतीने चांगली इंजिने खराब होतात.

सुधारणांत पॉइंटच्या जागी हॉल (चुंबकीय) संवेदक किंवा प्रकाशसंवेदक बसवणे सर्वांत लाभदायक, कारण झीज संपते आणि टायमिंग टिकते. जास्त शक्तीची, सुमारे १.५ ओहमची कॉइल मात्र विद्युत्प्रवाह आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरशिवाय पॉइंटवर जोडू नये. साध्या ३ ओहमच्या कॉइलच्या दुप्पट विद्युत्प्रवाह वाहून पॉइंट जळतात. कपॅसिटर डिस्चार्ज पद्धत (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणारी), जी पोर्शे ९११ मध्ये १९६९ पासून आली, ठिणगी तीव्र देते पण क्षणिक. तेलकट झालेल्या प्लगसाठी ती उत्तम, तरी रस्त्यावरच्या पातळ मिश्रणाला कॉइलची लांबलेली ठिणगीच अधिक मानवते असे दिसते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनात दाब वाढल्याने ठिणगीला उडी मारणे जड जाते, म्हणून तिथे प्लगचा गॅप कमी ठेवतात. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या अलीकडच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर उरलेला नाही आणि टायमिंग संगणकात साठवलेल्या तक्त्यावरून (‘मॅप’वरून) ठरते.