कंपवातातील सायकल-व्यायाम

कंपवातात (पार्किन्सन विकारात) चाल आणि एकूण हालचाली सुधाराव्यात म्हणून जागेवरच्या सायकलवर नियमित केला जाणारा, दम लागेल असा व्यायाम. तो औषधांच्या जोडीने करायचा, औषधांऐवजी नव्हे.

या विकारात मेंदूतील डोपामिन (हालचालींचे संदेश पोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. हालचाल सुरू करणे आणि तिची लय टिकवणे जड जाते. पावले आखूड पडतात, पाय फरफटतात. वळताना किंवा दारातून जाताना ते जमिनीला खिळल्यासारखे होतात. तरीही असा खिळणारा माणूस कित्येकदा सायकल सफाईने चालवतो. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. फिरते पेडल पायाला पुढच्या हालचालीचा इशारा देत राहते, असे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते.

अमेरिकेतील २००९ च्या एका प्रयोगात निम्म्या रुग्णांना दोघांच्या सायकलवर निरोगी चालकामागे बसवले आणि त्यांच्या नेहमीच्या वेगापेक्षा सुमारे ३० टक्के जलद पेडल मारायला लावले. आठ आठवड्यांनी त्यांच्या हालचालींच्या गुणांकात ३५ टक्के सुधारणा दिसली, शिवाय हातांचे कामही सुधारले. मात्र एकूण रुग्ण अवघे १० होते. त्या मानाने नेदरलँड्समधील २०१९ चा अभ्यास भक्कम आहे. त्यात सौम्य विकाराचे १३० जण होते. एका गटाने सहा महिने आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे, घरीच सायकल चालवली. दुसऱ्याने अंग ताणण्याचे व्यायाम केले. औषधाचा अंमल उतरलेला असताना तपासले तेव्हा सायकल गटाची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा ४.२ गुणांनी कमी होती. मात्र पेशींचा ऱ्हास थांबतो, असे यावरून सिद्ध होत नाही.

तोलाच्या बाबतीत अपेक्षा आवरती ठेवावी. जागेवरच्या सायकलवर बसलेल्याला तोल सांभाळावाच लागत नाही. पडण्याची भीती असणाऱ्यांना हे साधन सुरक्षित वाटते ते त्यामुळेच, आणि त्याची मर्यादाही तीच. तोलासाठी ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) किंवा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले उभ्याने करायचे व्यायाम वेगळे लागतात.

काही रुग्णांचा रक्तदाब उभे राहताच घसरतो, म्हणून सायकलवरून उतरण्याची घाई करू नये. काहींची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. अशा वेळी नाडीच्या आकड्यापेक्षा दम किती लागतो याकडे लक्ष द्यावे: बोलता यावे, गाता येऊ नये. सुरुवातीपूर्वी हृदयाची तपासणी करून घेणे इष्ट.