कवच नेमके काय मोजते? प्राचीन समुद्राच्या रसायनामागची गोष्ट

साडेपाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता सांगणारा पीएच, अमुक इतका होता, अशी वाक्ये हल्ली हवामानबदलावरच्या लेखांत सहज वाचायला मिळतात. त्या काळचे पाणी कुणी बाटलीत भरून ठेवलेले नाही. हा आकडा बहुतेक वेळा येतो तो वाळूच्या कणाएवढ्या कवचांतून. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ही कवचे बांधतात. त्यांच्यातल्या काही जाती प्लवक म्हणून वरच्या पाण्यात तरंगतात, बाकीच्या तळाशी राहतात. मेल्यावर सगळ्यांचीच कवचे गाळात जमा होतात. कवच बांधताना आजूबाजूच्या पाण्याचा थोडा हिशेब त्यात उतरतो, हे खरे. पण तो हिशेब कशाचा, हे ठरवताना संशोधकांना पाऊणशे वर्षांत अनेकदा माघार घ्यावी लागली. गंमत अशी, की ज्या गोष्टीने आधीचे गणित बिघडवले, तीच पुढे मोजता येऊ लागली.

सुरुवातच एका गैरसमजाने झाली. फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सिद दॉर्बिन्यी याने १८२६ साली या जीवांची पद्धतशीर वर्गवारी केली, तेव्हा तो त्यांना नॉटिलस या कप्पेदार शंखाच्या समुद्री प्राण्याचे चिमुकले भाऊबंद समजत होता. एकापुढे एक मोठे होत जाणारे कप्पे पाहिले, की तसे वाटणे साहजिक आहे. हा अवघ्या एका पेशीचा जीव आहे, हे १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ याने दाखवून दिले.

पुढचा वाद होता पत्त्याचा. खोल समुद्राच्या तळावर ग्लोबिजेरिना या फोरॅमिनिफेराच्या कवचांचा पांढुरका गाळ पसरलेला आहे, हे दूरसंचाराच्या केबल टाकताना लक्षात आले होते. पण हे जीव तळाशीच जगतात, की वरून पडतात? १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाज जगाच्या समुद्रांतून फिरले, तेव्हा जॉन मरे याने पृष्ठभागाजवळ बारीक जाळी ओढून पाहिली. तळाच्या गाळात सापडणाऱ्या त्याच जाती जाळ्यात जिवंत आल्या आणि वाद मिटला. त्याच सफरीत आणखी एक गोष्ट नजरेस आली. जसजसे खोल जावे, तसतशी गाळातली कवचे झिजत, विरळ होत जातात आणि एका खोलीनंतर नाहीशीच होतात. उरते ती लालसर चिकणमाती. थंड, प्रचंड दाबाखालचे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी कॅल्शियम कार्बोनेट खाऊन टाकते. कवचे गोळा करणाऱ्यांना ही बरीच वर्षे निव्वळ कटकट वाटत राहिली.

रसायनाचा खरा प्रवेश झाला तो हॅरल्ड युरीमुळे. जड हायड्रोजनच्या शोधासाठी त्याला १९३४ चे नोबेल मिळालेले होते. ऑक्सिजनची दोन समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, इथे महत्त्वाची: नेहमीचा ऑक्सिजन-१६ आणि सुमारे पाचशे अणूंत एखादा सापडणारा जड ऑक्सिजन-१८. युरीने १९४७ मध्ये गणिताने मांडले, की पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना जड ऑक्सिजन किती शिरेल हे तापमानावर ठरते. पाणी जितके गार, तितका कवचात ऑक्सिजन-१८ जास्त. चार अंशांच्या फरकाला हे प्रमाण हजारात जेमतेम एका भागाने सरकते. एवढा फरक पकडणारा मास स्पेक्ट्रोमीटर शिकागोत त्याच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत उभा केला. पहिले प्राचीन नमुने मात्र प्लवकाचे नव्हते, ते होते बेलेम्नाइट या माखलीसारख्या नामशेष प्राण्याचे जीवाश्म. त्यातलाच, दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी थरातला एक बेलेम्नाइट जगभराचे प्रमाण मानक ठरला. तो दगड कधीच संपला, तरी कार्बोनेटची मोजमापे आजही त्याच्या नावानेच सांगितली जातात.

युरीच्याच गटातल्या चेझारे एमिलियानी याने हे तंत्र गाळातल्या प्लवक-कवचांवर चालवले. नशीब असे, की नेमक्या त्याच काळात स्वीडिश संशोधकांनी दट्ट्याच्या नळीने गाळाचा लांबलचक, अखंड नमुना काढण्याची युक्ती साधली होती. खुल्या समुद्रात हजार वर्षांत गाळ साचतो तो दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे दहा मीटरच्या नळीत तीन-चार लाख वर्षे हाती येतात. १९५५ मध्ये एमिलियानीने आपले आलेख छापले. त्यात करवतीच्या दात्यांसारखे चढउतार होते, एकामागून एक हिमयुगे. त्याने उबदार टप्प्यांना विषम आणि थंड टप्प्यांना सम आकडे दिले, आणि ते आजही वापरात आहेत. त्याच्या मते हिमयुगात उष्ण कटिबंधातला समुद्र सहाएक अंशांनी गार झाला होता.

इथे निकोलस शॅकल्टन या केंब्रिजच्या संशोधकाचा १९६७ चा छोटासा लेख येतो. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता युक्तिवाद तोच. शॅकल्टनने तरंगणाऱ्या जातींसोबत तळाशी राहणाऱ्या जातींची कवचेही मोजली. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या आसपास आहे. हिमयुगात ते आणखी पाच-सहा अंशांनी उतरणे शक्यच नाही. तरीही तळाच्या कवचांत फरक जवळपास तेवढाच निघाला. मग बदलले काय? पाणीच. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडतो, बर्फ होऊन उत्तरेच्या खंडांवर अडकून बसतो आणि समुद्रात जडाचे प्रमाण वाढते. एमिलियानीने बर्फाचा वाटा धरला होता, पण फारच कमी. थोडक्यात, ज्याला तापमापक म्हटले होते, तो बऱ्याच अंशी जगातल्या बर्फाचा काटा निघाला. एमिलियानीच्या वक्ररेषा शाबूत राहिल्या, फक्त त्यांच्या अक्षावरची पाटी बदलली. १९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन नळ्यांच्या आधारे दाखवले, की हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांशी जुळते. त्यासाठी बर्फाचा काटा तापमापकापेक्षा जास्तच उपयोगी पडला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, तेही पाहू. गाळ पाण्याने चाळणीत धुतात. वर उरलेल्या भुग्यातून पाव मिलिमीटरच्या आसपासची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलतात. तेही एकाच जातीची आणि एकाच आकाराची. एका कवचाचे वजन साधारण दहा-पंधरा मायक्रोग्रॅम. मग ती काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हलकेच दाबून कप्पे उघडतात आणि आत अडकलेली चिकणमाती धुऊन काढतात. धुण्यात हयगय झाली, तर उत्तर त्या मातीचे येते. एकाच जातीवरचा हट्ट मुद्दामचा असतो. वरच्या उन्हात जगणाऱ्या काही जातींच्या अंगाशी सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करताना कवचाभोवतीच्या पाण्याचे रसायनच बदलून टाकतात. हॉवर्ड स्पेरो आणि सहकाऱ्यांनी समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांकडून जिवंत नमुने बरण्यांत एकेक करून पकडवले आणि प्रयोगशाळेत वाढवले. १९९७ मध्ये त्यांनी दाखवले, की तापमान तेच ठेवून पाण्यातले नुसते कार्बोनेट वाढवले, तरी कवचातल्या ऑक्सिजन आणि कार्बनच्या समस्थानिकांचे आकडे सरकतात. म्हणजे जुन्या तापमापकात सामूचाही हात होता.

तापमान वेगळे काढण्यासाठी मॅग्नेशियम कामी आले. पाणी एका अंशाने ऊबदार झाले, की कवचातले मॅग्नेशियम साधारण नऊ टक्क्यांनी वाढते. त्यावरून तापमान काढायचे, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचे आणि उरलेला भाग बर्फाच्या व क्षारतेच्या खात्यावर टाकायचा. अर्थात कवच तळाशी अर्धवट विरघळले, तर मॅग्नेशियम आधी निसटते. खाचखळगे इथेही आहेतच.

थेट सामूकडे नेणारा मूलद्रव्याचा धागा म्हणजे बोरॉन. समुद्रात बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक आम्ल आणि विद्युतभारित बोरेट. सामू वाढला की बोरेटचा वाटा वाढतो. जड बोरॉन-११ ला आम्लाचे रूप पसंत, त्यामुळे दोन्ही रूपांतली समस्थानिके सारखी नसतात. कवच मुख्यतः बोरेट उचलते, ही कल्पना गॅरी हेमिंग आणि गिल्बर्ट हॅन्सन यांनी १९९२ मध्ये मांडली. त्यामुळे कवचातल्या बोरॉनवरून पाण्याचा सामू उलटा काढता येतो. अडचण प्रमाणाची आहे. कवचात बोरॉन असतो दशलक्षात दहा-वीस भाग, म्हणून एका मापनाला शेकडो कवचे लागू शकतात. या पद्धतीवर विश्वास बसला तो ध्रुवीय बर्फामुळे. बर्फात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून हिमयुगातला कार्बन डायऑक्साइड थेट मोजता येतो, दशलक्षात सुमारे १८० भाग. बोरॉनवरून काढलेले आकडे त्याच्याशी जुळले. बर्फाची सलग नोंद आठ लाख वर्षांपर्यंत नेता आली आहे, कवचे त्याच्या कितीतरी मागे जातात. पॉल पिअर्सन आणि मार्टिन पामर यांनी २००० साली सहा कोटी वर्षांपर्यंत मजल मारली. मात्र इतक्या मागे समुद्राच्या पाण्यातलाच बोरॉन बदललेला असतो, तो किती हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे त्या आकड्यांकडे जरा सांभाळून पाहावे.

चॅलेंजरच्या काळची ती कटकट, कवचांचे विरघळणे, इथेच साक्षीदार म्हणून परत आली. १९९१ मध्ये जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी अंटार्क्टिकाजवळच्या गाळात ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा एक झटका टिपला. कवचांतला जड कार्बन अचानक घसरला होता आणि तळाच्या पुष्कळ जाती तिथेच संपल्या होत्या. पुढे दक्षिण अटलांटिकमध्ये वॉल्व्हिस कटक या समुद्राखालच्या डोंगररांगेवर वेगवेगळ्या खोलीवर छिद्रे पाडली, तर प्रत्येक नळीत फिकट गाळाच्या मध्येच गडद चिकणमातीचा पट्टा. कवचे विरघळण्याची सीमा दोन किलोमीटरहून जास्त वर चढली होती, असा निष्कर्ष जेम्स झॅकोस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काढला. त्या घटनेतली वरच्या पाण्याच्या सामूची घसरण बोरॉनवरून सुमारे ०.३ निघते. औद्योगिक काळापासून आजवरची घसरण ०.१ च्या आसपास आहे. तेव्हाची घसरण हजारो वर्षांत झाली, आताची दोन-अडीच शतकांत.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लिंडसी फॉक्स आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली, चॅलेंजरने आणलेली कवचे पुन्हा बाहेर काढली. ‘तारा’ या जहाजाने २००९ ते २०१६ दरम्यान गोळा केलेल्या त्याच जातींशी त्यांची सीटी स्कॅनने तुलना केली. आजची कवचे पातळ निघाली, एका जातीत तर तब्बल ७६ टक्क्यांपर्यंत. जाडीवर तापमानाचा आणि अन्नाचाही परिणाम होतो, त्यामुळे ती अजून सामूची मोजपट्टी झालेली नाही. आणि एक पेच उरतोच. स्कॅन केलेले कवच जसेच्या तसे परत जागेवर ठेवता येते, बोरॉन मोजायचा तर ते आम्लात विरघळवावे लागते.