कुंडीतली चिलटं आणि खिडकीतला दवबिंदू

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी लॅपटॉप उघडला रे उघडला की बारीक काळी चिलटं येऊन स्क्रीनवर बसायची, चहाच्या कपात पडायची, आईला वाटायचं केळ्यांवरची आहेत म्हणून ती रोज फळांची टोपली धुवायची आणि तरी काहीच फरक नाही. मग एकदा मनी प्लांटला पाणी घालताना मातीतूनच पाच-सहा भुर्रकन उडाली तेव्हा कळलं की यांचं घर कुंडीत आहे. फळांवरची माशी जरा गुबगुबीत, तपकिरी, लाल डोळ्यांची असते. ही सडपातळ, लांब पायांची, जेमतेम २-३ मिलिमीटरची, बघायला डासासारखी पण चावत नाही. हिला फंगस नॅट म्हणतात, कारण हिची अळी ओल्या मातीतली बुरशी आणि कुजलेला पाला खाते, आणि संख्या वाढली की रोपांची कोवळी मुळंही.

घरात फवारणी नको होती म्हणून मी दक्षिणेकडच्या खिडकीत केप सनड्यू, म्हणजे चिकट पानांवर कीटक पकडून खाणारं झाड, आणून ठेवला. मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. शाळेत कीटकभक्षी वनस्पतींच्या धड्यात ड्रॉसेरा वाचलेला असतो बघा, त्याच गटातला. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारा आपला दवबिंदू याचाच भाऊबंद, पण प्लीज तो पठारावरून उपटून आणू नका, कुंडीत तगत नाही आणि तिथलाही कमी होतो. नर्सरीत वाढवलेलाच घ्या.

पहिल्याच संध्याकाळी मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून पानाजवळ धरून बसले. पट्टीसारखं लांब पान, त्यावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा चकचकीत थेंब. एक चिलट येऊन टेकलं, एक पाय अडकला, तो सोडवायला दुसरा टेकवला तर तोही अडकला, पंख चिकटले, आणि आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकायला लागले. चिकाने श्वासाची छिद्रं बुजतात आणि कीटक गुदमरून मरतो. काही तासांत पानच त्याच्याभोवती वळतं आणि पाचक रस सुटतात, म्हणजे आपल्या पोटात होतं ते इथे उघड्यावर होतं. झाडाला त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो, बाकी साखर ते इतर झाडांसारखी उन्हातच बनवतं. चौथ्या दिवशी त्या एका पानावर मी १४ चिलटं मोजली! डार्विनने याच गटातल्या एका झाडाच्या केसावर माणसाच्या केसाचा ०.०००८२२ मिलिग्रॅमचा तुकडा ठेवून बघितला होता तर तेवढ्यानेही हालचाल झाली, आणि पाण्याचे थेंब पडले तर मात्र ते झाड दाद देत नाही. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, खरंच.

बरेच जण चिलटांसाठी व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे सापळ्यासारखं पान मिटून कीटक पकडणारं झाड, आणतात, ते इथे कामाचं नाही. त्याच्या आतल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागावा लागतो तेव्हा सापळा मिटतो, आणि मिटला तरी एवढासा कीटक दातांच्या फटीतून निसटतो. चिलटांना चिकटवणारंच झाड हवं.

पण महिनाभर झाला तरी चिलटं पूर्ण जाईनात, आणि विचार केल्यावर कारण समजलं. सनड्यू पकडतो ती उडणारी, आणि उडणारी चिलटं जेमतेम आठवडाभर जगतात, तेवढ्यात एक मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालून मोकळी होते. अंडं ते चिलट हा फेरा तीन-चार आठवड्यांचा, त्यातला बहुतेक वेळ मातीत. तिथे सनड्यू काय करणार? बटाट्याची चकती मातीवर दोन दिवस ठेवून उलटी केली तर खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या वळवळताना दिसल्या, मनी प्लांटच्या कुंडीत तर गच्च. मग आम्ही पाण्याची पद्धत बदलली, वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत पाणीच नाही, आणि अर्धवट कुजलेलं शेणखत वरवर पसरणं बंद. पाण्यातून बीटीआय दिलं, हा जिवाणू डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्या मारतो, झाडांना काही करत नाही. दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमध्ये असतात तसले पिवळे चिकट सापळेही कृषी सेवा केंद्रातून आणून लावले.

आता एक गोष्ट हमखास विसरली जाते. सनड्यूची कुंडी कायम पाण्याच्या ताटलीत ठेवावी लागते, म्हणजे तीच चिलटांना सगळ्यात आवडती जागा. म्हणून बीटीआय तिलाही द्यायचं.

आणि पाणी पावसाचं किंवा आरओचं शुद्ध, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या खाली. बोअरचं नाही, आरओच्या वेस्ट पाइपचं तर अजिबातच नाही, क्षारांनी मुळं जळतात. खत नको, नेहमीची कुंडीची माती नको, पीट मॉस (अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) चालतं. ऊन कमी पडलं की थेंब सुकतात आणि पान नुसतं हिरवं उरतं, काही पकडत नाही. एप्रिल-मे मध्ये नाशिकच्या दुपारच्या उन्हात मात्र ते होरपळतं, त्यामुळे तेव्हा मी ते पूर्वेच्या खिडकीत हलवते, सकाळचं ऊन मिळतं तिथे, आणि पावसाचं पाणी भरून ठेवलेले कॅन तेवढ्या दिवसांना पुरवते.