नान्तचे आज्ञापत्र, १५९८: प्रार्थनेची परवानगी कोणाला, कुठे आणि कोणत्या पुराव्यावर

एप्रिल १५९८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने नान्त शहरी एक आज्ञापत्र काढले. १५६२ पासून देशात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट (फ्रान्समध्ये त्यांना ह्युगेनो म्हणत) हे ख्रिस्ती पंथ एकमेकांच्या जिवावर उठले होते. हेन्री प्रोटेस्टंट म्हणून वाढलेला आणि १५९३ साली कॅथलिक झालेला, म्हणजे दोन्ही घरचे मीठ खाल्लेला राजा. त्याने तडजोड उपदेशातून मांडली नाही, कलमांतून मांडली. म्हणूनच मला हा दस्तऐवज मोलाचा वाटतो.

नुसती श्रद्धा बाळगायला परवानगी लागत नव्हती. ह्युगेनो माणूस राज्यात कुठेही राहू शके. धर्मावरून त्याची चौकशी किंवा छळ करायला बंदी होती. अटी सुरू होत त्या सार्वजनिक प्रार्थनेपाशी.

जागेची पात्रता

मुख्य आधार वहिवाटीचा. १५९६ साली आणि १५९७ च्या ऑगस्टअखेरपर्यंत त्या गावात उघडपणे, तेही अनेकदा आणि वेगवेगळ्या वेळी, प्रार्थना झाली असेल तर हक्क कायम. एखाद्या वेळची सभा पुरेशी नव्हती. १५७७ च्या जुन्या आज्ञापत्राने दिलेल्या जागाही ग्राह्य होत्या. शिवाय प्रत्येक परगण्यात, शहराच्या वेशीबाहेर किंवा खेड्यात, आणखी एक जागा मिळे.

सरंजामदारांचा मार्ग वेगळा. मोठ्या गुन्ह्यांचा निवाडा करण्याचा अधिकार असलेला सरदार आपल्या मुख्य वाड्यात प्रार्थना ठेवू शके आणि तिला कोणीही येऊ शके. तो अधिकार नसलेल्या लहान जहागीरदाराला फक्त कुटुंबापुरती मुभा. बाहेरचे फार तर ३० जण. पॅरिस आणि भोवतालचे पाच लीग, साधारण २० किलोमीटर, पूर्ण वर्ज्य होते. १६०६ साली राजाने पॅरिसजवळच्या शारांतों गावी प्रार्थनेची परवानगी दिली, तेव्हा कुठे पॅरिसकरांची पायपीट कमी झाली.

अंमलबजावणी आणि दाद

प्रांतोप्रांती आयुक्तांच्या जोड्या गेल्या, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. दोन्ही बाजू ऐकून त्या जागा ठरवत. न्यायासाठी खास कक्ष होते. दक्षिण फ्रान्समधल्या कास्त्रसारख्या ठिकाणी निम्मे न्यायाधीश ह्युगेनो असत. आपल्या माणसांपैकी कोणीतरी न्यायासनावर बसले आहे, हा दिलासा प्रार्थनेच्या हक्काइतकाच मोठा होता.

सरकारी पदासाठी धर्माची अट नव्हती. राजाची सेवा निष्ठेने करीन, एवढीच शपथ पुरे. शाळा, विद्यापीठे, रुग्णालये दोघांनाही खुली. बदल्यात ह्युगेनोंनी कॅथलिक चर्चचा दशांश कर (उत्पन्नाचा ठरावीक वाटा) भरायचा, सणांच्या दिवशी दुकाने बंद ठेवायची आणि लग्नात नात्यांविषयीचे कॅथलिक निर्बंध पाळायचे.

प्रांतिक उच्च न्यायालयांनी दप्तरी नोंद केल्याशिवाय आज्ञापत्र लागू होत नसे, आणि खरा अडसर इथेच होता. पॅरिसच्या न्यायालयाने नोंद केली ती २५ फेब्रुवारी १५९९ ला, तीही राजाने न्यायाधीशांना समोर बोलावून खडसावल्यावर.

कागदांचे पुढे काय झाले

हेन्रीचा १६१० साली खून झाला. त्याचा नातू चौदावा लुई याच्या काळात, १६६१ पासून, आयुक्त पुन्हा गावोगाव फिरू लागले, पण आता प्रत्येक प्रार्थनागृहाकडे १५९६-९७ च्या वहिवाटीचे लेखी पुरावे मागण्यासाठी. जे कलम हक्क राखायला लिहिले होते, तेच हक्क काढून घ्यायला वापरले गेले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे कागद ज्या मंडळींना दाखवता आले नाहीत, त्यांची प्रार्थनागृहे पाडली गेली. एक अक्षरही न बदलता आज्ञापत्र असे पोकळ होत गेले, याचे मला फार वाईट वाटते. ऑक्टोबर १६८५ मध्ये फोंतेनब्लो येथे लुईने ते रद्द केले, तेव्हा बऱ्याच गावांत रद्द करण्यासारखे काही उरलेच नव्हते. शारांतोंचे प्रार्थनागृह मात्र उभे होते. तेही लगेच पाडले.